टीव्हीतले मासे

नेरूळच्या आमच्या घरी नेट दुरुस्त करायला यायचा, तो जवळच्याच शिरवणे गावातला आगरी होता. नाव मी कधी विचारलं नाही. तो चपला दाराबाहेर काढायचा आणि स्वतःच्या रुमालाने राउटर पुसल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

एकदा महिना अर्धाही सरला नव्हता, तोच डेटाची मर्यादा संपली, नेट रांगायला लागलं आणि सूनबाईची ऑफिसची मीटिंग अडकली. मी कंपनीकडे या माणसाविरुद्ध तक्रार केली आणि तो आल्यावर ओरडलोही, "एवढे पैसे घेता आणि नेट मापून देता? चोर आहात!"

त्याने मोबाइलवर काहीतरी तपासलं. मग टीव्हीकडे पाहिलं. तिथे रंगीत मासे पोहत होते. सूनबाई दिवसभर खोलीचं दार लावून काम करते, म्हणून सोबतीला मी नेटवरचा तो व्हिडिओ सकाळपासून लावून ठेवायचो.

"काका," तो हळूच म्हणाला, "आमचे खाडीतलं मासं फुकट बघाला मिलतान. तुमचं लय महाग हायत."

तेवढ्यात सूनबाई बाहेर आली. "काय झालं होतं हो?"

"काय नाय मॅडम, आमचीच गडबड व्हती," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्याने डोळा मिचकावला.

"म्हणजे बाबा बरोबरच ओरडले!"

मी मान डोलावली. तेच मला वर्षभर डाचतंय.

आज फोन करून तक्रार मागे घेतली. हे सगळं लिहिलेला हा कागद सूनबाईच्या टेबलावर ठेवतो आणि ती ओरडायच्या आत खाडीवर मासे बघायला जातो.