तळ्यातली अंबाडी

पावसाळा निम्मा सरला तरी कूलर आवरला नव्हता. आज त्यातलं शिळं पाणी काढलं आणि कुजक्या गवताचा वास घरभर झाला. हल्ली एवढ्याशा कामानंही मी दमते. तिथंच खाली बसले.

हाच वास आमच्या करडी गावच्या तळ्याकाठी यायचा. बाबा अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवत. मी तेव्हा भंडाऱ्याला कॉलेजात होते आणि इंग्रजी येतं याची मला भारी ऐट होती. नाकाला ओढणी लावून मी म्हटलं, "बाबा, हे तं सडून गेली. इंग्रजीत याले रॉट म्हणतेत. वाया गेली सारी."

बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी एक काडी उचलून साल ओढली, तसा लांब पांढरा धागा सुटून आला. "वाया कायले जाईन, बाई? सडली म्हणून तं वाक निघाला. याचाच दोर होते." मग त्यांनी विचारलं, "तुह्या डिक्शनरीत असा अर्थ नाई का?"

"नाई," मी म्हटलं.

पुढं तीस वर्षं शाळेत मी 'रॉट' म्हणजे कुजणं, नासणं, एवढंच शिकवलं. आज हात धुऊन ती जुनी डिक्शनरी उघडली. धागा सुटावा म्हणून काड्या पाण्यात भिजवण्याला इंग्रजीत 'रेट' (ret) असा जो शब्द आहे, तो आणि 'रॉट' एकाच कुळातले, असं तिथं लिहिलंय.

बाबा आता नाहीत. त्या दिवशी ते काडी हातात धरून उत्तराची वाट बघत होते, आणि मी पिशवीतून डिक्शनरी न काढताच 'नाई' म्हटलं होतं.