पहिली मूठ

कुसुमकाकू गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्यावरच चिडून जात्याच्या फटीतली हळद जुन्या ब्रशने काढत बसले होते. आदल्या दिवशी संग्रहालयाला सुटी असताना त्यांनी पुन्हा एका लग्नघराला आत घेतलं होतं आणि आता भेटल्या की काय काय सुनावायचं याची माझ्या मनात उजळणी चालली होती. तेवढ्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. "ताई, काकू नाही राहिल्या. सकाळी चहा मांगला, अन् चहा येईपर्यंत..." महिना उलटून गेला, पण ते भांडण अजून माझ्याकडेच आहे आणि त्याचं काय करावं मला कळत नाही.

आमचं बुऱ्हाणपुरातलं संग्रहालय छोटंसंच. जुन्या वस्तू नुसत्या मांडायच्या नाहीत, वापरून दाखवायच्या, असं ठरवून ते सुरू झालं. एका खोलीत हातमाग चालतो, दुसरीत कापूस पिंजून दाखवतात, स्वयंपाकघरात चूल पेटते. हे सगळं करणारे स्वयंसेवक. पगारी माणसं दोनच, मी आणि चौकीदार. वस्तूंची जबाबदारी माझी. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या कुसुमकाकू स्वयंपाकघर सांभाळायला आल्या आणि बघता बघता तिथल्या मालकीणबाई झाल्या. मी 'हात लावू नये' अशी पाटी लावावी, तर ती दुपारी चुलीमागे सापडायची. एकदा जात्याचा झिजलेला दगड ठोकून खरबरीत करून देणारी, टाकी लावणारी बाई रस्त्यावरून हाका मारत चालली होती. काकूंनी तिला आत बोलावलं आणि आमच्या सगळ्यांत जुन्या जात्याला छिन्नीने टाकी लावून घेतली. मी डोक्याला हात लावला.

"अगं, दळत नव्हतं ते," काकू म्हणाल्या.

"दळायचं नाहीये काकू, दाखवायचं आहे."

"मग फोटो लाव ना त्याचा भिंतीवर."

त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. लग्नाची हळद जात्यावर दळायची आपल्याकडे रीत, पण घरोघरची जाती केव्हाच गेली. लोक मिक्सरला हळकुंड बांधून वेळ मारून न्यायचे. काकूंनी शेजारच्या एका मुलीची हळद आमच्याकडे दळू दिली आणि ही बातमी थेट खकनारपर्यंत गेली. मग काय, सुटीच्या दिवशी गाड्या भरभरून बायका यायला लागल्या. जात्याला आंब्याची पानं बांधायच्या, गाणी म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी हळदीची पावलं पार हातमागाच्या खोलीपर्यंत उमटलेली असायची. मी वैतागून समितीकडे जात्यासाठी काचेची पेटी मागितली. काकूंनी समितीला बैठकीत केळ्याचा शिरा खाऊ घातला, आणि माझी मागणी तिथेच बारगळली.

त्या एवढ्या हट्टाला का पेटतात हे मला फोपनारहून हळद दळायला आलेल्या एका लग्नघरामुळे कळलं. काकू जात्यापाशी मांडी घालून बसल्या होत्या. नवरदेवाची आई हसतच म्हणाली, "बाई, तुम्ही जरा साइडला बसा ना. सवाष्णींनीच हात लावायचा असते." काकूंचे यजमान फार लवकर गेले होते. सख्ख्या भाचीच्या हळदीलाही त्या मागच्या खोलीत भाजी निवडत बसल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, आता उठतील. त्या हलल्या नाहीत. वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "हे जातं संग्रहालयाचं आहे. इथला नियम आहे, पहिली मूठ इथल्या बाईने घालायची."

असा कुठलाही नियम नव्हता. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. "खरंच का मॅडम?" काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, पण पदराचं टोक त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं... "नियम आहे," मी म्हटलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांनी पहिली मूठ घातली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीही आलं होतं.

पुढे ती थाप रीतच होऊन बसली. येणारी माणसं आधी चौकशी करायची, "पहिली मूठवाल्या बाई आहेत ना?" पुण्याची एक अभ्यासक मुलगी तर ही या भागातली जुनी प्रथा म्हणून रेकॉर्ड करून घेऊन गेली. मी काकूंना गाठलं. म्हटलं, मी इथे वस्तूंची खरी माहिती ठेवायला बसले आहे, आणि तुम्ही हे काय चालवलंय? त्या शांतपणे म्हणाल्या, "बाकीच्या रिती काय आभाळातून पडल्या? कुणीतरी कधीतरी असंच ठोकून दिलं असेल."

त्या गेल्यावर समितीने ठराव केला. काकूंच्या स्मरणार्थ जात्याला काचेची पेटी, वर त्यांच्या नावाची पितळी पाटी. मी इतकी वर्षं मागत होते तेच मला मिळालं. यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही, आणि मलाही तोंड उघडून ते सांगता आलं नाही.

परवा सुतार माप घ्यायला आला आणि नेमकी त्याच वेळी तुकईथडची मंडळी दारात. काकूंनी त्यांना कबूल केलं होतं, अर्थात मला न सांगता. बायका जात्याभोवती बसल्या, मधे नवरी. तिची आई मात्र सगळ्यांच्या पिशव्या धरून दाराशी उभी. नवरा गेलेला. तिला कुणी तिथे उभं केलं नव्हतं, ती आपणहूनच गेली होती. पोरगी सारखी मान वळवून तिच्याकडे बघत होती. मला त्या बायकांची चीड आली, पेटीची चीड आली, आणि काकूंची फार आठवण आली.

"पिशव्या ठेवा खाली अन् इकडे या," मी त्या माउलीला म्हटलं. "पहिली मूठ इथल्या बाईने घालायची असते. ती नसली तर नवरीच्या आईने. नियम आहे."

"असा कुठे नियम असते का?" एक आत्याबाई म्हणाली.

"इथे आहे."

ती माउली आली, बसली. मूठ घालताना अर्धी हळद बाहेरच सांडली. लेकीने तिचा हात आपल्या हाताबरोबर खुंट्यावर धरला आणि जातं फिरायला लागलं. सुतार टेप घेऊन माझ्याजवळ आला. "मॅडम, माप कधी घेऊ?"

"घेऊ नका," मी म्हटलं. "ते वापरात आहे."