एकेचाळीस किलोचा कट्टा

किशन राठोड माझ्या गॅरेजात पहिल्यांदा आला तो गाडीचं पुढचं मडगार्ड काखेत मारून. गाडी बाहेर उभी होती, काळ्या चिखलानं लिंपलेली. मी म्हणालो, आण इकडे, ठोकून सरळ करून लावून देतो. तो म्हणाला, लावू नका, हे आमच्या रस्त्यावर टिकत नाही. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती दाबून बसते आणि चाकच फिरेनासं होतं.

मी हरीओम. मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बावीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त करतोय. गाडी घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न मला पाठ आहे: अ‍ॅव्हरेज किती देते? नवरदेव हेच विचारतो, सरपंच हेच विचारतो, ज्याला सासऱ्यानं गाडी फुकट दिली तोही हेच विचारतो. किशननं मात्र ते कधीच विचारलं नाही. जुन्या गाडीचे नट आवळत असताना त्यानं मला विचारलं ते असं, "मागं बसनाऱ्याले झटका कमी बसन अशी कोनती गाडी हाय, भाऊ?"

मागे बसणारी म्हणजे त्याची बायको, उज्ज्वला. चौतीस वर्षांची. दोघं दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. तिथेच तिचे पाय सुजायला लागले, आणि वाशीमला नेईपर्यंत दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी तिला वाशीमला डायलिसिसला न्यावं लागे. एक वारी चुकली की अंगात पाणी भरायचं, दोन चुकल्या तर काय होईल ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. किशननं ते मला सांगितलं तेव्हा दोन बोटं वर केली आणि मग हात खाली घेतला.

त्याचा तांडा मानोरा गावाच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत. आधी काळ्या मातीची पांदण, मग मोठाल्या दगडांचा नाला, मग चढ. त्यापुढे वाशीमपर्यंत साठेक किलोमीटर डांबर. अ‍ॅम्ब्युलन्स डांबरापर्यंतच येते. मागच्या पावसाळ्यात तांड्यातल्या माणसांनी तिला बाजेवर घालून नाला पार करून दिला होता, पण आठवड्यातून दोनदा कोण कुणाला बाज उचलायला सांगणार? वाशीमला खोली करून राहा, असं मीही म्हणून पाहिलं. दोन महिने राहून आलो, म्हणाला. तांड्यावर त्याची आई रुपाबाई एकटी, तिला डोळ्यांनी दिसत नाही, आणि वाशीमच्या खोलीत उज्ज्वलानं जेवणच सोडलं होतं.

म्हणजे गाडी अशी पाहिजे होती, जी नाल्यातही चालेल आणि साठ किलोमीटर डांबरावर आजारी बाईची हाडं खिळखिळी करणार नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत पाहिजे होती.

खरं सांगतो, मला मजा यायला लागली. बावीस वर्षं ब्रेकचे लायनर बदलणाऱ्या माणसाकडे कुणीतरी गाडी खरोखर निवडायला आलं होतं. मी किशनला बाकावर बसवून मोबाइलवर व्हिडिओ दाखवायचो. डोंगर, वाळू, नदीचं पात्र, आणि त्यातून उसळत जाणाऱ्या उंच गाड्या. तो चप्पल बाहेर काढून यायचा, मांडी घालून बसायचा आणि शाळेतल्या पोरासारखं बघायचा. त्या एकाही व्हिडिओत गाडीच्या मागे कुणी बसलेलं नव्हतं. मला ते तेव्हा दिसलं नाही.

जड इंजिनाची मोठी गाडी आम्ही आधीच सोडली. ती नाल्यात आडवी झाली तर एकट्यानं उचलणार कोण. निव्वळ डोंगरातली हलकी गाडीही सोडली, तिला मागची सीटच नसते. राहिली मधली जात, ड्युअल-स्पोर्ट म्हणतात ती. पुढचं चाक मोठं, मडगार्ड चाकापासून हातभर वर, त्यामुळे माती अडकत नाही. शॉकअप लांब, पोट जमिनीपासून उंच. गुट्ट्यांचे जाड टायर नको म्हणालो, ते डांबरावर गुणगुणतात आणि तासभर अंग थरथरवतात. अर्धे मातीचे, अर्धे रस्त्याचे असे टायर सुचवले. किशन सगळं ऐकून घ्यायचा आणि घरी जाऊन उज्ज्वलाला सांगायचा. ती काय म्हणते, हे मी कधी विचारलं नाही.

गाडी मिळाली ती आमच्या बबनराव गुरुजींकडे. त्यांचा मुलगा हौसेनं घेऊन पुण्याला नोकरीला निघून गेला होता आणि गाडी ताडपत्रीखाली झोपलेली होती. किशननं बैलजोडी विकायची ठरवली. जोडी विकताना बंजाऱ्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय, त्यावर लिहिणार नाही.

पण आधी ट्रायल पाहिजे, असं मीच म्हणालो. आणि इथे माझ्या डोक्यातून एक फार हुशारीची गोष्ट निघाली. डायलिसिसवाल्या माणसाचं वजन दर वेळी मशीनवर जायच्या आधी आणि उतरल्यावर करतात. किशनच्या खिशातल्या वहीत ते लिहिलेलं असायचं. जाताना साडेबेचाळीस, येताना एकेचाळीस. बायकोचं वजन इतकं पक्कं माहीत असलेला नवरा मी दुसरा पाहिला नाही. मी म्हणालो, एकेचाळीस किलोचा कट्टा बांध मागच्या सीटवर. बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीन त्यानं काट्यावर घालून बरोबर तेवढं भरलं, सुतळीनं तोंड शिवलं, आणि आम्ही नाल्यात गेलो.

गाडीनं नाला असा पार केला की मी माझ्या गाडीवर मागे राहून टाळ्या वाजवल्या. तीन वेळा नेली, तीन वेळा आणली. कट्टा तसूभर हलला नाही. चढावर गाडी एकदा मागच्या चाकावर घसरली आणि स्वतःच सावरली. आम्ही तांड्यावर पोचलो तेव्हा दोघंही लढाई जिंकल्यासारखे हसत होतो.

उज्ज्वला दारात उभी होती. बारीक, उंचीनं माझ्या खांद्याच्याही खाली, डाव्या हातावर फिस्टुल्याचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला जोडलेल्या शिरेचा, फुगवटा पदरानं झाकलेला. तिनं गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली, कट्ट्याकडे पाहिलं.

"उंच हाय," ती म्हणाली.

"नाल्यासाठी हाय," किशन म्हणाला.

मी म्हणू शकलो असतो, वहिनी, बसून बघा. ओठांवर आलंही होतं. पण आत बाजेवरून रुपाबाईंनी आधीच सांगून टाकलं की पूजा न झालेल्या गाडीवर घरच्या बाईनं बसायचं नसतं. त्यांच्या घरातली रीत अशी की नव्या गाडीवर मागे पहिल्यांदा नारळ बसतो. तो पोहरादेवीला, बंजाऱ्यांच्या देवस्थानाला, जाऊन येतो, मग दारात घरची बाई गाडीला ओवाळते, आणि त्यानंतर ती बसते. बैलगाडी होती तेव्हापासूनची रीत. मला ती आवडली. उज्ज्वलानं मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली.

रामनवमीला किशन लाल फडक्यात नारळ बांधून पोहरादेवीच्या गर्दीतून जाऊन आला. व्यवहार झालेला होता, बैल गेलेले होते. उज्ज्वलानं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग ती बसायला गेली आणि चढता येईना.

घरी ओटा होता, त्यावरून जमलं. वाशीमला डायलिसिस करून बाहेर आल्यावर अंगात जीव नसतो, पाय कापतात, आणि दवाखान्यासमोर ओटा कुठून आणायचा? किशन तिला सगळ्यांदेखत उचलून बसवायचा. ती पदर तोंडावर घ्यायची. एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई त्या अरुंद, उतरत्या सीटवर साठ किलोमीटर नवऱ्याच्या कमरेला धरून यायची, आणि तिच्या हातांत धरण्याची ताकद उरलेली नसायची. कट्टा थकत नाही. कट्ट्याला काही धरावं लागत नाही. एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या शहाण्याला कळायला एप्रिल संपावा लागला.

किशन आला आणि म्हणाला, गाडी बुटकी करून द्या. मी त्याला समजावून सांगितलं. शॉकअप खाली घेतले तर पोट खाली येतं, आणि पोट खाली आलं की नाल्यात दगडाला लागतं. उंच ठेवली तर उज्ज्वला चढू शकत नाही, बुटकी केली तर नाला पार होत नाही. त्यानं सीटवर तळवा ठेवून तिची उंची आपल्या कमरेशी मापली. मग म्हणाला, "म्हंजे निवडलं तेच चुकलं का, भाऊ?" मी नाही म्हणालो. खोटं बोललो असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मी सीटचा फोम कापला, तर ती पाटासारखी कडक झाली. मग डाव्या बाजूला लोखंडी पायरी वेल्डिंग करून दिली, वीतभर रुंद, घसरू नये म्हणून वर खडबडीत जाळी. ही मात्र तिला आवडली. किशनच्या हाती तिनं माझ्यासाठी डोंगरातली पिकली टेंभरं पाठवली आणि निरोप दिला की आता मी माझ्या पायानं चढते. माझी छाती फुगली. सगळ्या गिऱ्हाइकांना मी ती पायरी सांगत सुटलो.

अडीच महिने चाललं. रोज सकाळी किशन तिच्या डाव्या हातावर तळवा ठेवायचा. फिस्टुला चालू असला की कातडीखाली थरथर लागते. तो म्हणायचा, भाऊ, तुमी इंजिनाले हात लावून पाहता तसंच.

आषाढात नाल्याला पाणी होतं, फार नाही, गुडघ्याखाली. दगड पाण्याखाली गेलेले. गाडीचं पोट दगडावरून अलगद निघालं, ते उंचच होतं. पण माझी पायरी खाली लोंबत होती. ती दगडात अडकली, गाडी एका बाजूला फिरली आणि उज्ज्वला डाव्या हातावर पडली.

हाड मोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किशननं तळवा ठेवला तर थरथर नव्हती.

फिस्टुला बंद पडला होता, म्हणून डायलिसिससाठी मानेत नळी घातली. ती कोरडी राहिली पाहिजे, धक्का लागता कामा नये, असं सांगितलेलं. पावसात, त्या नाल्यातून, त्या गाडीवर. मी पायरी कापून काढली. कापताना किशनकडे बघावं लागू नये म्हणून मी वेल्डिंगचा चष्मा लावून खाली मान घातली. तीन वेळा तो तिला तसा घेऊन गेला. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, ओढणीनं स्वतःच्या पाठीशी बांधून. चौथ्या वेळी मंगळवार होता. गाडी सुरू करून तो दारात उभा राहिला आणि ती बाजेवरून उठली नाही.

हे त्यानं मला नंतर सांगितलं, बाकावर बसून. त्यानं हातापाया पडून पाहिलं, रुपाबाई रडल्या. उज्ज्वला रागावली नव्हती. उलट थोडी हसलीच, म्हणाला.

"म्हने, तुमी कट्टा बसवून पाह्यला. मले एक डाव तरी बसवून पाहाचं होतं. आता मी नाई येत."

ती त्यानंतर अकरा दिवस होती. ती गेल्यावर मी भेटायला गेलो तो नाला चालत ओलांडून गेलो, गाडीवर जायची लाज वाटली. किशननं माझ्यासाठी घोंगडी टाकली. मला शिव्या दे, असं म्हणायला मी गेलो होतो, पण त्यानं मला रस्त्यानं त्रास झाला का, असं विचारलं. रुपाबाई मात्र बोलल्या. म्हणाल्या, मीच अडवलं होतं तिला त्या दिवशी, नाही का? नाही म्हणायला पाहिजे होतं. नुसत्या पूजेनं कुणाला थांबवलं नव्हतं. ती दारातच उभी होती, दोन शब्द बोललीही होती, आणि आम्ही दोघं बाप्ये नाल्याच्या खुशीत होतो. हे मला त्या आंधळ्या म्हातारीला सांगता आलं नाही.

दसरा झाला. सोयाबीन निघालं. बाजार समितीकडे ट्रॅक्टरची रांग लागली होती, आणि त्या रांगेच्या बाजूनं किशन येताना दिसला. बैल नाहीत, थोड्या मालासाठी ट्रॅक्टरवाला नाल्यात उतरत नाही, तेव्हा तो एकेक कट्टा गाडीवर आणत होता. माझ्या दारात थांबला. मागच्या सीटवर कट्टा दोरीनं आवळून बांधलेला, तोंड सुतळीनं शिवलेलं. दोर तोच होता, ट्रायलला मीच दिलेला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "किती किलोचा हाय?"

"एकेचाळीस," तो म्हणाला. "काट्यावर नाई घातला. हातानंच भरतो, तेवढाच भरते."

मी गाडीच्या मागच्या बाजूला गेलो. टायर थोडा बसलेला होता.

"गाडी कट्टा चांगला नेते, भाऊ," किशन म्हणाला. "तुमी म्हनलं होतं तसाच. जरासा हालत नाई."

मी चाकात हवा भरून दिली.