मळाईच्या नावावरचे शेअर

आमच्या गावात टेलिफोन नव्हता; टेलिफोन कंपनीचे शेअर मात्र मळाईदेवीच्या नावावर होते.

देवस्थानाच्या पंचांनी ते घेतल्याचं कळताच मीही घेतले. (शाळामास्तर असल्यामुळे मला सगळंच कळायचं.) त्यासाठी माझ्या बायकोच्या, सरूच्या, पाटल्या मोडल्या.

"टेलिफोनच्या एका शेअरच्या किमतीत जिनिंग कारखान्याचे तीन येतात म्हणं," सरू म्हणाली. "मंग तीन काहून न्हाई घेतले?"

"अगं, नफ्याच्या मानानं बघ. टेलिफोनच सस्ता! आन् देवस्थानाचे बी तेच हायत. देवी बुडंल का?"

"देवी न्हाई बुडायची. तुमी बुडताल."

सेनगावच्या रस्त्याला टेलिफोनचे खांब होते. भर दुपारी, माळावर चिटपाखरू नसताना, मी खांबाला कान लावायचो. जमिनीखालून कुणी कण्हत असल्यासारखा आवाज यायचा. अंगावर काटा यायचा, पण धंदा जोरात आहे म्हणून मी खूश! एका दुपारी तो आवाज एकदम थांबला. वारा तर सुरूच होता. आता खांबच माझं ऐकतोय असं वाटलं आणि चपला तिथेच टाकून मी पळालो, तो थेट देवळात!

तिथे पंच कौल लावत होते. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवायचं, प्रश्न मनातच विचारायचा. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गाभाऱ्यात भर दुपारी काळोख होता. समईची ज्योत हलत नव्हती. कुणी हात न लावता डावं फूल घरंगळलं, आणि वरची घंटा आपोआप किणकिणली. टेलिफोनचे शेअर ठेवावेत का, तर नाही! (दुसरा प्रश्न असणार कुठला?)

ओसरीवर पंचांनी बोलावलेला हिंगोलीचा शेअर-दलाल बसला होता.

"माझे शेअर घ्या! आत्ताच्या आत्ता!"

"गुर्जी, अशा घाईत अर्धाच भाव भेटंल."

"चालंल!"

मी सही केली. शाई वाळायच्या आत मुख्य पंच दाजीबा बाहेर आले.

"देवी म्हणती, देवस्थानाचे जिनिंगचे शेअर ठेवू नका. ते इका, अन् टेलिफोनचे भेटतील तेवढे घ्या!"

दलाल पांढराफटक पडला, कारण आतली घंटा अजून वाजतच होती. "देवीच्या दारात मला नफा नगं बाबा," म्हणत त्यानं माझे कागद पुढे केले. "मास्तरांचे हायत. अर्ध्याच भावात घ्या."

"वा मास्तर!" दाजीबांनी मला मिठीच मारली. "अर्ध्या भावात देवीला शेअर देऊन राहिले! असा भक्त न्हाई!"

गाव गोळा झालं. बायकांत सरू होती, मोकळ्या मनगटांची. मला रडू येत होतं. लोकांना ती भक्ती वाटली. दाजीबांनी मानाच्या नारळांचं ताट पुढे धरलं. मी सगळ्यात मोठा उचलला.

घरी फोडला, तर नासका निघाला.

"ह्यो बी तुमीच निवडला असंल," सरू म्हणाली.