बंद पायपातलं पाणी

चाकूरला आमचं वेल्डिंगचं दुकान आहे. वेल्डिंग हे करतात, भांडण मी करते. गिऱ्हाइकाशी, लाइटवाल्यांशी, आणि कुणीच नाही सापडलं तर ह्यांच्याशी. माणूसच तसा, भलता सावकाश.

त्या भादव्यात पावसानं चार दिवस उघडीप दिली नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं सासर शिरूर अनंतपाळकडं. गावाला चारी बाजूंनी पाणी आणि तिचा नववा महिना सरलेला. सकाळीच तिच्या नवऱ्याचा फोन आला, कळा सुरू झाल्या म्हणून. तहसीलची बचावाची नाव जीपमागच्या ट्रेलरवरून तिकडंच निघाली होती. नेमकी आमच्या दुकानासमोर ट्रेलरच्या दांड्याची कडी, जिनं तो जीपला अडकवतात ती, उखडत आली. नावेसोबतचे दोघं पळतच आत आले.

"दादा, दहा मिनिटांत टाका मारून द्या."

मी मनात म्हटलं, बरं झालं बाई, मोडला तो आमच्याच दारात मोडला.

पण ह्यांनी आधी नाव खाली उतरवायला लावली. नावेच्या इंजिनाची पेट्रोलची टाकी रस्त्याच्या पलीकडं ठेवायला लावली. मग कडीजवळचा दांडा घासत बसले, वरचा पांढरा जस्ताचा थर जाऊन काळं लोखंड दिसेपर्यंत. त्या जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. आमच्याकडं सगळे त्यावर गुळाचा खडा खातात. हे म्हणतात गूळ गोड लागतो, बाकी काही होत नाही. मग पायाखाली कोरडी फळी घेतली. हातमोजे ओले वाटले म्हणून दुसरे काढले. माझा जीव टांगणीला, आणि हे मोजे बदलत होते!

"आवं, तिकडं ती मरायली आन् तुमी काय नवरदेवावानी नटायलाव?" सगळ्यांदेखत मी ओरडले.

"थांब जरा," म्हणाले, आणि ड्रिल उचललं.

दांडा म्हणजे एक पोकळ पाइप; कडी उखडलेली वर, आणि हे खालून चांगल्या पायपाला भोक पाडायला लागले. माझं डोकंच फिरलं. खोटं कशाला सांगू, ड्रिलची वायर उपटायला मी हात घातला होता.

तेवढ्यात भोक पडलं आणि आतून पाणी आलं. तांबडं, गंजाचं, घमेलंभर तरी असेल. संपता संपेना.

"ह्याच्यासकट टाका मारला असता तर आत वाफ कोंडून पाइप फुटला असता," हे म्हणाले. मग कडीपासून वीतभर अंतरावर बोट ठेवलं. "आन् माझं तोंड हितं असतं."

आई गं! आदल्या वर्षी हाच ट्रेलर दुकानात आला होता. पायपाच्या उघड्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं, मला तीन ठिकाणी चावल्या. मीच हट्ट धरून दोन्ही तोंडं बुजवून घेतली. हे म्हणत होते, खाली एक भोक राहू दे. मी राहू दिलं नाही. नाव सोडताना ट्रेलर पाण्यात जातो. कुठल्या तरी सुईएवढ्या फटीतून पाणी आत शिरलं ते तिथंच राहिलं.

मग हे टाका मारायला बसले. इतकी वर्षं दुकानात काढली, पण त्या दिवशी पहिल्यांदा काळी काच डोळ्यापुढं धरून मी नीट बघितलं. बाई बाई बाई! लोखंड तुपासारखं वितळत होतं, आणि ह्यांचा हात इतका शांत, जसं पलीकडं कुणी अडलेलंच नाही. अडलेलं होतं, म्हणूनच तो शांत होता. मला रडूच आलं. एवढा मोठा माणूस माझ्या घरात राहतो, आणि मी त्याला रोज मंद म्हणते.

नाव गेली. दुपारी लातूरच्या दवाखान्यातून फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

चहा देताना मी म्हटलं, "ती तोंडं मीच बुजवायला लावली हुती."

"म्हाईत हाय," हे म्हणाले. "तवा तू चिडलीस म्हनून भोक ठिवलं न्हाई. आज त्याच्याहून लई चिडलीस, पर पाडलं."