हजारपर्यंत मोजणारा वायरमन

त्याला सगळे शंभर म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वीजबिलावर यायचं, तेवढंच.

नवं सॉकेट बसवलं की हा गडी हत्यारं गोळा करून निघायचा नाही. घरातलं सगळ्यात जास्त वीज खाणारं यंत्र त्यात लावायचं, उजव्या हाताची पालथी बाजू सॉकेटवर ठेवायची आणि मोठ्याने शंभरपर्यंत मोजायचं. पालथीच का, तर तळहाताला झटका बसला की बोटं आवळतात आणि माणूस चिकटतो, पालथ्या हाताला बसला की हात मागे फेकला जातो. हे तो प्रत्येक घरात सांगायचा. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. शंभर झाले आणि सॉकेट गार लागलं, की मग म्हणायचा, “झालं. आता बिनघोर झोपा.”

त्याचं दुसरं वेड म्हणजे सुरक्षेचा शिक्का. सॉकेटच्या कोपऱ्यात नखाएवढा ठसा असतो, सरकारी तपासणीत पास झाल्याचा. तो असला की डोळे झाकून घ्यायचं, नसला की हातसुद्धा लावायचा नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, पदपथावरून बिनशिक्क्याचा एक लाल एक्स्टेन्शन बोर्ड आणला होता. शंभरने तो मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरला, जिन्यातून खाली नेला आणि चार शेजारणींच्या देखत कचऱ्यात टाकला. वर येऊन तासभर तोंड चालवलं ते वेगळंच. ताई तेव्हा एक शब्द बोलली नाही. लोकांना वाटलं, गरीब आहे बिचारी. अहो, कसली गरीब! ती फक्त वाट बघत होती.

झालं असं, की गेल्या थंडीच्या तोंडावर शंभरने सत्तावीस सॉकेटांचा एक खोका आणला. कंपनी नवी, शिक्का ठळक. पंचवीस ठिकाणी बसवली, पंचवीस वेळा शंभर मोजले, सगळी गार. त्यातलं एक ताईच्या बाहेरच्या खोलीत, तिच्या हीटरसाठी. ताईचे गुडघे थंडीत संप पुकारायचे, त्यामुळे हीटर दिवसभर चालायचा.

महिन्याभराने गल्लीतला शिंपी हातात काहीतरी काळं घेऊन आला. “शंभर, हे बघ तुझं बिनघोर झोपणं.” त्याच्या इस्त्रीची पिन होती, सॉकेटचं वितळलेलं प्लास्टिक घेऊन बाहेर आलेली.

शंभरने खोक्यातलं एक उरलेलं सॉकेट फोडलं. आतली पितळी पट्टी कागदासारखी पातळ. थोडा वेळ नीट धरायची, मग तापून ढिली पडायची. किती वेळाने? त्याने दुसरं सॉकेट खोललं नाही, शिंप्याच्या टेबलावरच्या नव्या जोडणीत बसवलं, इस्त्री लावली आणि मोजायला बसला. शंभर, गार. तीनशे, गार. सहाशेला कोमट. नऊशेला हात ठेववेना. त्याचा चेहरा पडला. तीस वर्षं तो नेमका धोक्याच्या अलीकडे थांबत आला होता.

दुसऱ्या दिवसापासून घरोघर जाऊन सॉकेटं बदलायला लागला. लोकांनी टोमणे मारले, पण बदलू दिली. फक्त ताईने दारातच अडवलं.

“का रे? शिक्का नाहीये का त्यावर?”

“आहे गं, पण—”

“मग डोळे झाकून घ्यायचं ना?”

“ताई, ते वितळतंय! आग लागेल!”

“तू म्हणतोस म्हणून? माझा लाल बोर्डही तूच वाईट म्हणालास आणि हे तूच चांगलं म्हणालास. मी तुझं का ऐकू? ज्यांनी शिक्का मारला त्यांच्याकडून लेखी आण, हे खराब आहे म्हणून. मग काढ.”

शंभरने हात जोडले, आवाज चढवला, शेवटी पेचकस घेऊन बसायला गेला तर ताई खुर्ची ओढून सॉकेटसमोर बसली. अडुसष्ट वर्षांच्या बहिणीला उचलून कोण बाजूला ठेवणार? त्याने हात टेकले. जाताना एवढंच वचन घेतलं, की हीटर फक्त संध्याकाळी पाचला लावायचा, तो स्वतः समोर असताना. ताई म्हणाली, “बघू.” त्या ‘बघू’ने त्याची झोप उडाली.

शिक्क्याचं कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तक्रार विभागात एक तरुण मॅडम, टेबलावर फायलींचा ढीग आणि ढिगावर डबा.

“वापरलेला नमुना चालत नाही,” मॅडम म्हणाल्या. “सीलबंद हवा.”

“मॅडम, सीलबंद असताना तो कुणाला चटका देणार? पुठ्ठ्याला?”

“नियम आहे, काका.”

खोक्यातलं सीलबंद असं काही उरलंच नव्हतं. दुकानदाराच्या मागे लागून त्याने त्याच मालातली दोन मिळवली. एक दिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: पाच मिनिटं चाचणी घेतली, दोष आढळला नाही. पाच मिनिटं म्हणजे तीनशे! शंभरने कपाळाला हात लावला. त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो स्वतः तर शंभरलाच उठायचा.

तिसऱ्या खेपेला तो एकटा गेला नाही. शिंप्याला घेऊन गेला, शिंप्याच्या लोखंडी इस्त्रीसकट.

“हे काय?” मॅडम उभ्याच राहिल्या.

“मॅडम, तुमच्या अर्जात सातवा रकाना आहे. दोष कसा उघड झाला. मी ‘हाताने’ लिहिलं तर तुम्ही खोडलंत.”

“हात हे मान्यताप्राप्त उपकरण नाही, काका.”

“माझा नसेल. तुमचा असेल की! तुम्ही अधिकारी आहात.”

दुसऱ्या सॉकेटाचं सील त्याने त्यांच्याच देखत फोडलं, ते भिंतीवरच्या बोर्डात बसवलं, त्यात इस्त्री लावली. नुसती तापवत काय ठेवायची, म्हणून शिंप्याने शिपायाकडून पाणी मागवलं, खिडकीचे पडदे उतरवले, शिंपडले आणि टेबलावर इस्त्री करायला घेतली. कार्यालय बांधल्यापासून त्या पडद्यांना असं सुख मिळालं नसेल. शंभर मोठ्याने मोजत होता. चारशेपर्यंत शेजारच्या खोलीतले लोक दारात जमले. शिपाई म्हणाला, माझाही शर्ट घ्या ओघात.

सहाशेला मॅडमनी हात ठेवला. पालथा ठेवा, शंभरने बजावलं, आणि का ते सांगितलंच. सातशेला त्यांच्या कपाळावर आठी आली. आठशे चाळीसला “आई गं!” करून हात झटकला, आणि कसलासा जळका वास आख्ख्या विभागात पसरला.

मॅडमनी पेन घेतलं. सातव्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘हाताने. माझ्या.’ खाली सही.

“पण काका, पत्र निघायला दोन महिने लागतील. वरपर्यंत जावं लागतं.”

“दोन महिने? तोवर माझी ताई—”

“तोवर तुम्ही लक्ष ठेवा.”

लक्ष ठेवायचं म्हणजे काय, तर रोज पाचला हातातलं काम टाकून ताईकडे. ताई हीटर लावायची, हा सॉकेटशेजारी चटईवर बसायचा, पालथा हात टेकवायचा आणि मोजायला लागायचा. आठशेला बंद. पुन्हा गार होईपर्यंत थांबायचं, पुन्हा मोजायचं. कामं खोळंबली, गिऱ्हाइकं बोंबलली, बायको म्हणाली, “तिकडेच गादी टाका.” आणि ताई काय धड मोजू देते? हा पाचशे बावीसला आला की हिला आठवायचं, “अरे, लहानपणी तू माठात बेडूक सोडला होतास, आठवतं?” “नाही आठवत! पाचशे… पाचशे किती?” “मला काय विचारतोस, मोजतोयस तू.” मग बेडकाची सगळी गोष्ट, मग वडिलांनी कुणाला मारलं, आणि मार खरं तर कुणाला पडायला हवा होता यावर भांडण. गेल्या दहा वर्षांत ही दोघं मिळून एवढं बोलली नव्हती. शंभर वर्षाला दोनदा यायचा, बोर्ड बघायचा, दोष काढायचा आणि जायचा. मेव्हणे गेल्यावर तर बोर्डच उरले होते बघायला.

पत्र आलं ते दुपारी. हा सगळा माल विक्रीतून मागे घेतला आहे, बसवलेली सॉकेटं ताबडतोब काढावीत. खाली मोठा गोल शिक्का. शंभरला पाच वाजेपर्यंत दम निघेना. भर तीनला तो जवळजवळ धावतच ताईच्या घरी गेला. आता बघू कशी बोलते, असं मनात म्हणत दार ढकललं.

बाहेरची खोली रिकामी होती. हीटर जागेवर नव्हता.

ताई स्वयंपाकघरात होती. स्टुलावर पाय पसरून बसलेली, गुडघ्यांवर घोंगडी, आणि समोर हीटर लालबुंद. ओट्याच्या बाजूला वीस वर्षांपूर्वी शंभरनेच बसवलेलं जाडजूड काळं सॉकेट होतं, हीटर त्याला लावलेला.

ताईच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं हसू आलं, तिने ते घोंगडीत लपवायचा प्रयत्न केला.

“हे कधीपासून?” शंभरने विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि पाचला?”

“पाचला उचलून बाहेर नेते. तू यायच्या आत.”

“या गुडघ्यांनी?”

“थांबत थांबत नेते.”

“म्हणजे तुला माझं पटलं होतं?”

“तीस वर्षं शंभर मोजणारा माणूस घाबरून दारात येतो, तर खोटं बोलेल का? वेडा आहेस.” ताईने घोंगडी नीट केली. “पण लगेच काढू दिलं असतं, तर तू पाच मिनिटांत उठून गेला असतास. परत कधी आला असतास? अशाच एखाद्या कंपनीचं पुढचं सॉकेट बिघडल्यावर?”

पत्र ओट्यावर ठेवून शंभरने हीटर उचलला आणि बाहेरच्या खोलीत नेला, पिशवीतून नवं सॉकेट काढलं. जुनं काढलं, नवं बसवलं, पेच आवळले. ताई भिंतीला धरत मागोमाग आली होती, खुर्चीत बसून मान उंचावून बघत होती.

त्याने हीटर लावला, चटईवर बैठक मारली, पालथा हात सॉकेटवर ठेवला. “हजार मोजणार,” तो म्हणाला. “आणि उद्या पुन्हा येऊन मोजणार. एका दिवसाचा काय भरवसा?”

“मी कुठे नाही म्हणतेय?”

“एक,” शंभर म्हणाला. “दोन. तीन.”

“सावकाश मोज,” ताई म्हणाली.