भरीव बाण, उघडा बाण

मला बोलायला लागतं. आमच्या विचुंब्याच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट बंद पडली की मी जिन्यात भेटेल तिच्याशी गप्पा मारत वर जाते, आणि लिफ्ट दुरुस्त झाली तरी आमचं चालूच असतं. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या त्या आकृत्यांवर माझा मुळातच राग. देवानं जीभ दिलीय ना? मग समोरासमोर बसा, बोला आणि लागा कामाला. चौकटी नि बाण काढत कसले बसता!

आमचं ऑफिस नवीन पनवेलात, एका मेडिकलच्या दुकानावर. मोजकी माणसं. आमच्या टीमलीड मॅडम आपट्याहून स्कूटी दामटत यायच्या आणि पर्स ठेवायच्या आधी व्हाइटबोर्ड पुसायला घ्यायच्या. आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसायचो, "आली बघ रांगोळी!"

पण ही रांगोळी मनाला येईल तशी काढायची सोय नव्हती. तिची चिन्हं जगभर ठरलेली. वर ओळीनं चौकटी, म्हणजे कामातले भिडू. प्रत्येक चौकटीखाली एक उभी रेघ, आणि या रेघेवरून त्या रेघेवर जाणारे आडवे बाण, म्हणजे कोण कुणाला निरोप धाडतो ते. बाणाचं टोक भरीव रंगवलेलं असेल तर धाडणारा उत्तर येईपर्यंत थांबणार. टोक उघडं असेल तर निरोप धाडला आणि गडी पुढच्या कामाला लागला. उत्तर येतं ते तुटक रेषेनं. बस, एवढंच. पण एवढ्यावरून मॅडम आमचा जीव खायच्या. "टोक भरलं नाहीस. म्हणजे थांबायचं नाही? नक्की?" अहो मॅडम, बाण तो बाण, त्याला काय एवढं!

काम होतं उरणकडच्या एका मच्छीमार संस्थेचं. बोट धक्क्याला लागली की तिची नोंद, बर्फाच्या कारखान्याला मागणी, मासळीचं वजन, मग लिलाव. सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून बोटी दर्यात जायच्या आत ते चालू व्हायला हवं होतं. आणि नेमका तेव्हाच मॅडमचा आवाज गेला.

घशात स्वरतंतूवर गाठ. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सुटलो म्हणालो. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर अवाक्षर काढायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं उलट जास्त ताण पडतो म्हणे. मॅडम ऑफिसात आल्या त्या गळ्याभोवती ओढणी गुंडाळून, हातात मोबाइल घेऊन. जे सांगायचं ते टाइप करून दाखवायचं.

आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, माणूस वाईट नाही. पण ते धास्तावले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही आराम करा. प्रोजेक्ट आपल्या पुण्याच्या मुलाकडे देतो. लीडला बोलता नको का यायला?" पुण्याचा मुलगा म्हणजे घरून काम करणारा आमचा सहकारी, भलता हुशार, मॅडमपेक्षा पुष्कळ लहान.

मला काय वाटलं ते सांगू? तळपायाची आग मस्तकात गेली. मुलांसाठी नोकरी सोडून मॅडम कितीतरी वर्षं घरी बसल्या होत्या. परत आल्या त्या धाकट्यांच्या हाताखाली, तळापासून चढल्या, आणि हा त्यांचा पहिला स्वतःचा प्रोजेक्ट. एकदा हातचं सुटलं की पुन्हा कोण देतं बाईमाणसाला? मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनी हातानं गप्प केलं आणि टाइप करून मोबाइल सरांपुढे धरला. 'डेमोपर्यंत थांबा. मग ठरवा.' सर म्हणाले, "ठीक. डेमोपर्यंत."

मग सुरू झाल्या आमच्या मुक्या मीटिंगा. गंमत अशी की मॅडम बोलत नाहीत म्हणून आम्हीही कुजबुजायला लागलो. चहावाल्यानं ग्लास ठेवता ठेवता हळूच विचारलं, "कोणी वारलं का?"

पूर्वी मॅडम स्वतः आकृती काढून समजावायच्या आणि आम्ही माना डोलवायचो. आता समजावणार कशा? त्यांनी पद्धतच बदलली. प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि बोर्डवर लिहिलं, 'बोट लागल्यापासून वजनापर्यंत. तुम्हाला समजलंय तसं काढा. शेजारच्याचं बघायचं नाही.' मी म्हटलं, आता हेच राहिलं होतं, घटक चाचणी! पण काढलं. पुण्याहून फोटो आला, त्याची प्रिंट काढली. मॅडमनी सगळे कागद भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले.

खरं सांगते, बघत राहिले. एरवी आम्हा इतक्या जणांचं चहात साखर किती यावर एकमत नाही, आणि इथं सगळ्यांच्या चौकटी त्याच, बाण तेच, क्रमही तोच. फक्त पुण्याच्या कागदावर बर्फाच्या मागणीचा बाण भरीव टोकाचा. आमच्या सगळ्यांचा उघडा. मॅडमनी लाल पेनानं त्या टोकाभोवती गोल केला आणि मला खुणावलं. मी व्हिडिओ कॉल लावला.

"भरीवच ना?" तो म्हणाला. "बर्फ मिळणार की नाही हे कळल्याशिवाय पुढची स्क्रीन उघडायचीच कशाला? कोडही तसाच लिहिलाय मी."

"अरे देवा!" आम्ही सगळे एकदम. म्हणजे कारखान्याचं नेट गेलं, आणि त्या किनाऱ्यावर ते उठसूट जातं, की अख्खा धक्का ठप्प. वजन नाही, लिलाव नाही, मासळी उन्हात. आणि याच मुद्द्यावर आम्ही मीटिंगांमध्ये घसा कोरडा पडेस्तोवर बोललो होतो! त्यानंही हो हो म्हटलं होतं, आम्हीही हो हो म्हटलं होतं. त्याचं चुकलं असंही नाही, त्याच्या डोक्यात त्याचं चित्र स्वच्छ होतं. बोलताना मान डोलवून निभतं. कागदावर नाही निभत. टोक भरायचं की सोडायचं, एक काहीतरी करावंच लागतं. बाण तो बाण म्हणणारी मी, त्या दिवशी भिंतीसमोर उभी राहून मनातल्या मनात मॅडमना हात जोडले. पुण्याचा मुलगाही मोकळेपणानं म्हणाला, "बरं झालं, काढायला लावलंत."

डेमोला संस्थेकडून एक मावशी आल्या. स्वतःच्या बोटी असलेल्या, संस्थेच्या संचालक, नजर अशी की समोरच्यानं सरळच बसावं. मॅडमनी बोर्डवर आकृती काढून ठेवली होती. मावशींनी ती बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली.

"या रेघांचं मना काय बी समजत नाय," त्या म्हणाल्या. "तुमी तोंडानं सांगा."

मॅडमचं तोंड उघडलं आणि मिटलं. सरांनी आधी लॅपटॉपमधल्या पुण्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. मला कळलं, आता त्यांचं ठरतंय. उठलेच मी. आकृतीतल्या पहिल्या बाणावर बोट ठेवलं आणि सांगत खाली खाली आले. माझा तोंडाचा पट्टा सुटला की कुठून कुठे जातो ते मलाच ठाऊक नसतं, पण त्या दिवशी एक शब्द इकडेतिकडे गेला नाही. बोट पुढे, मी मागे.

"न बर्फवाल्याचा नेट गेला तं?" मावशींनी मध्येच विचारलं. "आमी मावरं घेऊन उभं रावाचं?"

माझं बोट त्याच उघड्या टोकावर होतं. "नाही मावशी. मागणी गेली की तुम्ही वजनाला लागायचं. बर्फाचं उत्तर मागनं येईल."

"मंग बरं हाय," मावशी म्हणाल्या आणि चहाचा कप ओढून घेतला.

तर माझं मत आता असं आहे. आकृती मावशींसाठी नव्हतीच, त्यांना ती दाखवणं म्हणजे आपलीच हौस. ती आमच्यासाठी होती. आम्ही सगळ्यांनी मावशींना एकच गोष्ट सांगावी म्हणून. आणि त्यासाठी तिच्यासारखं दुसरं काही मी तरी अजून बघितलेलं नाही.

मावशी गेल्या. सर अजून खुर्चीतच होते. मॅडम बोर्डकडे गेल्या, एक कोपरा पुसला आणि दोन चौकटी काढल्या. एकीत लिहिलं 'मी', दुसरीत 'सर'. 'मी'कडून 'सर'कडे बाण. वर लिहिलं, 'प्रोजेक्ट माझ्याकडे?' मग त्या बाणाचं टोक मार्करनं सावकाश भरायला लागल्या. भरून झालं तरी भरत होत्या. शेवटी बाजूला सरकून उभ्या राहिल्या. आम्हा कुणालाही काही विचारायची गरज नव्हती. भरीव टोक. उत्तर येईपर्यंत त्या हलणार नव्हत्या.

सर उठले. त्यांनी जन्मात कधी आकृती काढली नव्हती. मार्कर घेऊन 'सर'पासून 'मी'पर्यंत एक लांबलचक ठसठशीत बाण ओढला आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हो'.

मॅडमचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवू कशाला. त्यांनी ओढणीनं डोळे टिपले, डस्टर उचललं, आणि त्याच्या कोपऱ्यानं सरांची ती अखंड रेघ ठरावीक अंतरानं पुसत पुसत तुटक करत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"का? चुकलं का माझं?" सरांनी विचारलं.

"हो!" आम्ही सगळे एकदम ओरडलो, पुण्याचा मुलगा लॅपटॉपमधून, आणि मॅडम हातातलं डस्टर तोंडावर धरून हसायला लागल्या, आवाज न करता.